घरात स्मोक अलार्म सक्तीचा आहे का? भाड्याच्या घरात तो कोणी लावायचा?

१८ मे २०२५, रविवार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याला पहाटे पावणेचारच्या सुमारास आग लागली. कारखान्याच्याच इमारतीत मालकाचं कुटुंब राहायचं, काही कामगारही तिथेच राहत होते. या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. त्यात कारखान्याचे मालक होते, कामगार होते आणि दीड वर्षाचं एक बाळही होतं. शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज तेव्हा व्यक्त झाला.

अशी बातमी आली की आपण आग कशी लागली, अग्निशमन दलाची गाडी किती वाजता पोहोचली, नुकसानभरपाई किती मिळणार, हे वाचतो. पण एक प्रश्न सहसा मागे राहतो. पहाटे पावणेचारला गाढ झोपेत असलेल्या माणसांना आग लागली हे कळणार कसं?

जगातल्या अनेक देशांनी या प्रश्नाचं उत्तर म्हणून छताला चिकटवलेलं एक छोटं गोल यंत्र घराघरांत सक्तीचं केलं आहे. आपल्याकडे काय परिस्थिती आहे? कायदा काय सांगतो? आणि तुम्ही भाड्याच्या घरात राहत असाल तर हे काम कोणाचं? समजून घेऊया.

पहाटेची आग इतकी जीवघेणी का ठरते?

महाराष्ट्रातल्या अलीकडच्या काही घटना एकत्र पाहिल्या की त्यांच्यातलं साम्य लक्षात येतं.

३० ऑगस्ट २०२३. चिंचवडच्या पूर्णानगरमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकानातच राहणाऱ्या एका कुटुंबातल्या चौघांचा मृत्यू झाला.

३१ डिसेंबर २०२३. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला मध्यरात्रीनंतर आग लागली. आत झोपलेल्या सहा कामगारांचा मृत्यू झाला.

३ एप्रिल २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली कपड्यांचं दुकान आणि वर घरं असलेल्या इमारतीत पहाटे चारच्या सुमारास आग लागली. एकाच कुटुंबातले सात जण गेले.

६ ऑक्टोबर २०२४. मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान, वर घर. पहाटे आग लागली आणि इथेही एकाच कुटुंबातल्या सात जणांचा मृत्यू झाला.

वेळ रात्रीची किंवा पहाटेची, माणसं झोपेत, आणि राहण्याची जागा दुकानाला किंवा कारखान्याला लागून. सोलापूरच्या आगीतही हेच होतं.

छावणीच्या घटनेत पोलिसांनी दिलेली एक माहिती फार महत्त्वाची आहे. आग दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तिथल्या माणसांचा मृत्यू गुदमरून झाला असावा, असं प्राथमिक तपासानंतर सांगण्यात आलं. म्हणजे ज्वाळा खालीच होत्या. वर गेला तो धूर.

धूर ज्वाळांच्या आधी पोहोचतो आणि जिना त्याच्यासाठी धुराड्यासारखं काम करतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेत तो शरीरात गेला तर माणूस जागा होण्याऐवजी आणखी गुंगीत जातो. "जळाल्याचा वास आला की जाग येईलच" असं आपल्याला वाटतं, पण झोपेत वासाने जाग येईल याचा भरवसा धरता येत नाही. आवाजाने जाग येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून अलार्म हवा.

हे यंत्र काम कसं करतं?

घरगुती स्मोक अलार्मचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशावर चालणारा. यंत्राच्या आत एक छोटी अंधारी पोकळी असते. तिच्यात प्रकाशाचा झोत सोडलेला असतो, पण तो सेन्सरवर थेट पडत नाही. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, त्याचा काही भाग सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. गादी, कापूस, वायरचं आवरण अशा धुमसत राहणाऱ्या आगी हा प्रकार लवकर ओळखतो.

दुसरा आयोनायझेशन प्रकार. त्यात अमेरिशियम हा किरणोत्सारी पदार्थ अगदी सूक्ष्म प्रमाणात असतो. भडकणाऱ्या ज्वाळांना तो पटकन प्रतिसाद देतो, पण स्वयंपाकघराजवळ विनाकारण वाजण्याचं प्रमाणही जास्त असतं. घरासाठी, त्यातही कापड आणि गाद्या असलेल्या जागेसाठी, फोटोइलेक्ट्रिक निवडलेला बरा.

दोन्हींचा आवाज तीन मीटर अंतरावर साधारण ८५ डेसिबल असतो. बंद दाराआडच्या माणसालाही जाग यावी, हा त्यामागचा हेतू.

अलार्म आग विझवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तो फक्त वेळ मिळवून देतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या म्हणण्यानुसार, घरात आग लागल्यावर सुरक्षित बाहेर पडायला काही वेळा दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. त्याच संघटनेच्या आकडेवारीनुसार तिथे घरांच्या आगीत होणाऱ्या पाचपैकी सुमारे तीन मृत्यू अशा घरांत होतात, जिथे स्मोक अलार्म नव्हता किंवा होता पण चालू नव्हता.

महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

थेट उत्तर: तुमचं घर बंगला, रो-हाऊस, वाड्यातली खोली किंवा दोन-तीन मजली इमारतीतला फ्लॅट असेल, तर घरात स्मोक अलार्म लावण्याची सक्ती नाही.

आता थोडं सविस्तर. अग्निशमन सेवा हा आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत महापालिका-नगरपालिकांच्या कामांमध्ये येणारा विषय आहे. त्यामुळे देशभर एकच कायदा नाही. भारतीय मानक ब्युरोची २०१६ सालची राष्ट्रीय इमारत संहिता आहे. तिच्या चौथ्या भागात आगीपासूनच्या सुरक्षेचे निकष दिले आहेत. पण ही संहिता मार्गदर्शक आहे. राज्यं आणि स्थानिक संस्था आपल्या नियमांतून ती लागू करतात.

महाराष्ट्रासाठी मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्यातल्या तीन गोष्टी सामान्य माणसाला माहीत हव्यात.

एक, जबाबदारी कोणाची? कलम ३ नुसार इमारतीत आवश्यक त्या उपाययोजना करणं आणि त्या चालू स्थितीत ठेवणं ही विकासक, मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा. त्यात भाडेकरूही येतो.

दोन, प्रमाणपत्र. जिथे या यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे, तिथे त्या चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाकडे द्यावं लागतं. याला 'फॉर्म बी' म्हणतात. तुमच्या सोसायटीला हा नियम लागू असेल, तर शेवटचा फॉर्म बी कधी दिला, हे सेक्रेटरींना विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

तीन, कोणत्या इमारतीत काय हवं? हे इमारतीचा वापर आणि उंची यावर ठरतं. राष्ट्रीय संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत बहुमजली धरली जाते. उंची वाढेल तशी पाण्याची टाकी, होज रील, हाताने वाजवायचा अलार्म, स्प्रिंकलर अशी यादी वाढत जाते. हॉटेल, लॉज आणि वसतिगृहं हे संहितेत घरांपेक्षा वेगळे उपप्रकार आहेत. त्यामुळे तुम्ही हॉस्टेल किंवा पीजी चालवत असाल, तर "आमचं घरच आहे" असं धरून चालू नका. महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे आपल्या जागेचे नियम विचारून घ्या.

मग अडचण कुठे आहे?

नियमांचा भर इमारत किती उंच आहे यावर आहे. वर दिलेल्या घटनांमध्ये मात्र इमारती उंच नव्हत्या. धोका होता तो खाली माल, मध्ये एकच जिना आणि वर झोपलेली माणसं, या रचनेत.

सोलापूरकरांना ही रचना नवी नाही. शहराच्या पूर्व भागात कित्येक घरांत खाली यंत्रमाग आणि वर कुटुंब, किंवा पुढच्या खोलीत माल आणि मागच्या खोलीत संसार, असं चित्र पिढ्यान्‌पिढ्या आहे. सूत, चादरी, टॉवेल, कापडाचे गठ्ठे आणि सगळीकडे बसलेली कापसाची बारीक धूळ. हे सगळं पटकन पेट घेणारं.

एकाच इमारतीत दोन प्रकारचे वापर असतील, तर जास्त कडक नियम लागू करावेत, असं राष्ट्रीय संहितेचं तत्त्व आहे. पण घरातच माग किंवा दुकान सुरू होतं, तेव्हा वापर बदलल्याची नोंद कागदावर होतेच असं नाही. कागदावर ते घरच राहतं आणि घराला सक्ती नाही.

उंच इमारतीत राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथल्या बऱ्याच यंत्रणा जिना, लॉबी आणि पार्किंग अशा सामायिक जागांसाठी असतात. तुमच्या बेडरूममधला एसी किंवा चार्जिंगला लावलेला मोबाइल पेटला, तर लॉबीतल्या यंत्रणेला ते कळेपर्यंत तुमच्या खोलीत धूर भरलेला असेल.

भाड्याच्या घरात अलार्म कोणी लावायचा?

इतर देशांनी याचं उत्तर कायद्यात लिहून टाकलं आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून खासगी घरमालकाला भाड्याने दिलेल्या घरात राहण्याच्या प्रत्येक मजल्यावर किमान एक स्मोक अलार्म लावावा लागतो आणि भाडेकरू राहायला येईल त्या दिवशी तो चालू असल्याची खात्री करावी लागते. ऑक्टोबर २०२२ पासून हा नियम सामाजिक गृहसंस्थांनाही लागू झाला. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून भाड्याची असोत वा स्वतःची, सगळ्या घरांत एकमेकांना जोडलेले अलार्म हवेत. जपानने २००६ पासून नव्या घरांत सक्ती आणली आणि २०११ पर्यंत जुन्या घरांनाही त्यात घेतलं.

महाराष्ट्रात भाड्याच्या घरासाठी असा थेट नियम नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये स्मोक अलार्मचा उल्लेख नाही. तरीही या कायद्याची दोन कलमं उपयोगी पडतात.

कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य दुरुस्त स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा आहे. स्मोक अलार्म बसवणं दुरुस्तीत मोडत नाही. पण उघड्या वायरी, ठिणग्या उडणारा बोर्ड, सतत उडणारा फ्यूज यांबद्दल लेखी मागणी करायला या कलमाचा आधार घेता येतो.

कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. आज बहुतेक भाड्याची घरं लिव्ह अँड लायसन्सवर असतात आणि तिथे करारात काय लिहिलंय, यालाच महत्त्व असतं. म्हणून सही करण्याआधी करारात अशा अर्थाचं कलम घालून घ्या:

"घरमालक झोपण्याच्या प्रत्येक खोलीत आणि जिन्याजवळ चालू स्थितीतला स्मोक अलार्म बसवून देईल. ताबा देताना तो दोघांसमोर वाजवून तपासला जाईल. त्यानंतर दरमहा तपासणी व बॅटरी बदलणं ही भाडेकरूची जबाबदारी राहील. यंत्र बिघडल्यास घरमालक ते बदलून देईल."

घरमालक तयार नसेल तर? स्वतः विकत घ्या. बॅटरीवर चालणाऱ्या साध्या अलार्मची किंमत काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत असते. छताला भोक पाडण्यापूर्वी मालकाला विचारा आणि घर सोडताना यंत्र काढून सोबत न्या. मालकाशी वाद घालत अकरा महिने अलार्मशिवाय झोपण्यापेक्षा हा खर्च केलेला बरा.

विकत घेताना काय पाहायचं?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ऑनलाइन 'स्मोक डिटेक्टर' म्हणून शोधलं, तर मोठ्या इमारतींच्या पॅनेलला जोडायची यंत्रंही दिसतात. त्यांना स्वतःचा भोंगा नसतो. ती छताला नुसती लटकवली तर आग लागल्यावर चकार शब्द काढणार नाहीत. म्हणून 'स्टँडअलोन' आणि 'बिल्ट-इन सायरन' हे शब्द पाहूनच घ्या.

बॅटरी कोणती आहे ते पाहा. काहींत नऊ व्होल्टची बदलता येणारी, तर काहींत दहा वर्षं चालणारी सीलबंद बॅटरी असते.

किती तापमानापर्यंत चालेल, हे खोक्यावर वाचा. काही उपकरणं जेमतेम ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. सोलापुरात उन्हाळ्यात बाहेरचाच पारा त्याच्या वर जातो, मग पत्र्याच्या घरात काय होत असेल!

भारतीय मानकांमध्ये स्मोक डिटेक्टरसाठी आयएस ११३६० आणि संपूर्ण यंत्रणा बसवण्यासाठी आयएस २१८९ हे क्रमांक आहेत. सोसायटी किंवा कारखान्यासाठी यंत्रणा घेताना कोटेशनमध्ये ते लिहून घ्या.

कुठे लावायचा?

धूर वर चढतो, म्हणून जागा छतावर. भिंतीवरच लावायचा असेल तर छतापासून साधारण फूटभराच्या आत.

झोपण्याच्या प्रत्येक खोलीत, तिच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक, ही आदर्श व्यवस्था. एकच परवडत असेल तर तो झोपण्याच्या जागेबाहेर, जिन्याच्या वरच्या टोकाला लावा.

पंख्याजवळ नको. पात्याच्या टोकापासून किमान तीन फूट अंतर ठेवा, नाहीतर वाऱ्याने धूर यंत्रापर्यंत पोहोचणारच नाही.

गॅसच्या शेगडीपासून किमान दहा फूट आणि देवघरापासूनही लांब लावा. फोडणी, धूप आणि उदबत्तीने रोज वाजणारा अलार्म आठवडाभरात कोणीतरी काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेला अलार्म असून नसल्यासारखाच. आवाज थोडा वेळ थांबवणारं 'हश' बटण असेल तर उत्तम. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा हीट अलार्म लावता येतो. एलपीजी गळतीसाठीचं यंत्र मात्र वेगळं असतं आणि ते जमिनीलगत लावायचं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो.

पत्र्याच्या छताखाली तापलेल्या हवेचा थर साचतो आणि धूर त्याच्या खालीच अडकू शकतो. तिथे अलार्म पत्र्याला न लावता आतल्या भिंतीवर, थोडा खाली लावा.

खाली माग किंवा दुकान आणि वर घर असेल, तर एकमेकांना जोडलेले वायरलेस अलार्म घ्या. खालचा वाजला की वरचाही वाजतो. मागाच्या खोलीत धुळीमुळे स्मोक अलार्म सारखा वाजत असेल, तर तिथे हीट अलार्म आणि जिन्यात स्मोक अलार्म, अशी जोडी ठेवा.

देखभाल किती लागते?

महिन्यातून एकदा 'टेस्ट' बटण दाबायचं. हात पोहोचत नसेल तर झाडूच्या दांड्याने. घरभाडं भरायची तारीख लक्षात असतेच, त्याच दिवशी हेही करा. बदलता येणारी बॅटरी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत बदला. मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झटका. मध्येच 'टिक' असा बारीक आवाज येऊ लागला, तर बॅटरी संपत आली आहे. आणि दहा वर्षं झाली की यंत्रच बदला, कारण सेन्सर जुना होतो.

लहान मुलं अलार्मच्या आवाजाने जागी होतीलच असं नाही. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी लखलखणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारं यंत्र मिळतं. तरीही कोणी कोणाला उठवायचं, हे घरात आधीच ठरवून ठेवा.

अलार्म वाजला, पण बाहेर पडायला वाट आहे का?

जाग आली आणि दार उघडत नसेल, तर अलार्मचा उपयोग संपला. म्हणून यंत्र लावाल त्याच दिवशी घराची एक फेरी मारा.

खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी छोटी झडप आहे का? रात्री शटर किंवा जाळीचं दार कुलूपबंद केल्यावर किल्ली कुठे असते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का? गच्चीचं दार रात्री उघडता येतं का? जिन्याखाली इलेक्ट्रिक दुचाकी चार्जिंगला लावलेली असते का? जिन्यात मालाचे गठ्ठे रचले आहेत का? जिना ही बाहेर पडायची एकमेव वाट असेल, तर तिथे एकही वस्तू नको.

अलार्म वाजला तर सामान गोळा करत बसू नका. धुरात खाली वाकून किंवा रांगत चला, कारण त्यातल्या त्यात श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला तळहाताची मागची बाजू लावून पाहा. गरम असेल तर उघडू नका, दाराखालच्या फटीत ओला कपडा कोंबा आणि खिडकीतून मदत मागा. बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्या. लिफ्ट वापरू नका. बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर फोन करा. आणि काहीही राहिलं असलं तरी पुन्हा आत जाऊ नका.

तुमच्या घराला स्मोक अलार्मची सक्ती नसेल, म्हणून त्याची गरज नाही असं होत नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी छताकडे एकदा पाहा. खाली दुकान, गोदाम किंवा माग असेल आणि वर तुमचं कुटुंब झोपत असेल, तर पहिला अलार्म तुमच्याच घरात लागायला हवा.